साठवलेली पाच मिनिटं

७ मार्च २००५, सोमवार

आज हिंजवडीत आपलं केंद्र सुरू झालं. केंद्र म्हणजे तळमजल्यावरची कोठीची खोली. एका भिंतीला टिश्यू पेपरची खोकी, दुसरीला फिनेलचे कॅन आणि मधे लोखंडी टेबलावर माझं यंत्र. गच्चीवरच्या अँटेनातून उपग्रहाची वेळ खाली येते, यंत्र तिचे सेकंदाचे ठोके करतं आणि ते साडेसत्त्याहत्तर किलोहर्ट्‌झवर इमारतभर पसरतात. ठोका एक तर आखूड, नाही तर लांब. मिनिटभराचे ठोके जोडले की तारीख, वार, वेळ तयार होते. भिंतीवरची घड्याळं पहाटे एकदाच कान देतात, काटे जुळवतात आणि मग दिवसभर आपापली चालतात.

घड्याळं कंपनीच्या जर्मनीतल्या मुख्य ऑफिसकडून भेट आलेली. तिकडे असे ठोके सरकारच देशभर पाठवतं. ते हिंजवडीत कुठून ऐकू येणार? सेल घातला की सगळ्यांचे काटे बारावर जाऊन उभे. तशीच पडून होती. मग इथले मॅनेजर अभय यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी घरी याच विषयात आहे. पदवी नाही. जे आलं ते उघडून, बिघडवून आणि परत जोडून आलं. जर्मन ठोक्यांची भाषा मी एका माहितीपत्रकावरून बसवली. त्या भाषेत भारतीय वेळ सांगितली, की जर्मन घड्याळ मुकाट्यानं भारतीय वेळ दाखवतं.

वरच्या मजल्यावर मुलंमुली लंडनच्या लोकांचे फोन घेतात. त्यांच्या संगणकावर लंडनची वेळ. मोबाइल, पेन, मनगटी घड्याळ, सगळं गेटवर लॉकरमध्ये. हल्ली म्हणे घड्याळातही माहिती भरून नेता येते. तेव्हा त्या मजल्यावर इथली वेळ एकच, मी पाठवलेली.

एक खबरदारी घेतली. प्रत्येक घड्याळामागचं काटे फिरवायचं बटण काढलं आणि भोक लाखेनं बुजवलं. आपल्याकडे हात लावणारे फार.

घरी दुर्गाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं. आपल्या घड्याळाला मात्र हात लावू नका." आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ ती आठ मिनिटं पुढे ठेवते. मी मागे करतो, ती पुढे करते. संसार चालू आहे.

११ मार्च, शुक्रवार

अभय खोलीत आले. वय पस्तिशीचं, बोलणं गोड. "काका, घड्याळं लागल्यापासून गडबड झालीये. ब्रेकवरून सगळे चार-पाच मिनिटं लेट. आधी असं नव्हतं."

मी यंत्र तपासलं. उपग्रहाशी ताडलं, दिल्लीहून लघुलहरींवर येणाऱ्या ठोक्यांशीही ताडलं. केसभर फरक नाही. तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग लोकच चुकतायत का?" मी म्हटलं, "तशी शक्यता असते."

१४ मार्च, सोमवार

उलगडा झाला. वरच्या मजल्यावरची निकिता नावाची मुलगी टिश्यूचं खोकं न्यायला आली. पुसदची आहे, इथेच हॉस्टेलवर राहते.

"काका, ते कॅन्टीनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे ना?"

"नाही. बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे किती पुढे?"

"शून्य. मुळीच पुढे नाही."

ती हसली. "असं कुठं असते काका? घड्याळ पाच मिनिटं पुढेच असते. आम्ही सगळे पाच कमी करून पाहतो."

म्हणजे मी उपग्रहापासून वेळ खाली उतरवतो, आणि हे लोक खुर्चीत बसल्या बसल्या त्यातून पाच मिनिटं वजा करतात. जन्मापासून घरोघरी तेच पाहिलेलं. मी तिला समजावलं. "हो काका" म्हणाली. जाताना दारावरच्या माझ्या प्रमाण घड्याळाकडे पाहिलं, आणि ओठ हलले. वजाबाकीच करत होती.

२२ मार्च, मंगळवार

अभय यांनी सरळच सांगितलं. "काका, पाच मिनिटं पुढे करून टाका. विषय संपेल."

मी म्हटलं, मी वेळ पाठवतो, सोयीची वेळ पाठवत नाही. ते म्हणाले, "बी प्रॅक्टिकल ना काका. नाही तर मला साधी घड्याळं लावावी लागतील. आणि हे तुमचं..." त्यांनी यंत्राकडे हात केला आणि वाक्य तसंच सोडलं. वाक्य अर्धवट सोडणं हे हल्ली शिकवतात बहुतेक.

ठोके पसरवायचा परवाना या इमारतीपुरता आणि कंपनीच्या नावानं आहे. यंत्र उचलून दुसरीकडे नेलं, तर ती मुकी पेटी.

घरी दुर्गाला सांगितलं. ती पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचं काम करते. म्हणाली, "मी पेशंटला पाचला बोलवायचं असेल तर पावणेपाचला या म्हणते. तो पाचला येतो. यात खोटं कोण बोललं?"

"तू."

"आणि वेळेवर कोण आलं?"

पाच मिनिटं यंत्राच्या स्मृतीत साठवली. आता ते उपग्रहाची खरी वेळ घेतं, त्यात पाच मिळवतं आणि पाठवतं. काम पाच मिनिटांचं नव्हतं. दोन तास मी नुसता बसून होतो.

४ एप्रिल, सोमवार

सगळं सुरळीत. घड्याळ पाच पुढे, माणसं पाच वजा करतात, सगळे वेळेवर. अभय खूश. अचूकपणाबद्दल माझं कौतुक झालं, हे इथे नोंदवून ठेवतो.

भैरू, स्वारगेटहून येणाऱ्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, माणगावचा. तो म्हणाला, "काका, तुमचं घड्याळ झ्याक हाय. पर माझी गाडी सायबाच्या मिस कॉलवर सुटती." प्रमाणवेळेच्या इतिहासात मिस कॉलची नोंद झाली पाहिजे.

२५ एप्रिल, सोमवार

आज जर्मनीहून पाहुणे आले होते. मी खोलीत, दार अर्धं उघडं. बाहेर पाहुणे थांबले, आपलं मनगट पाहिलं, भिंतीवर पाहिलं आणि काहीतरी विचारलं. अभय हसून म्हणाले, "लोकल मेड आहे सर. थोडं पुढे जातं."

पुढे जातं!

पाहुणेही हसले. माझं यंत्र वर्षाला सेकंदसुद्धा पुढे जात नाही. पुढे जातात ती पाच मिनिटं यांनी मागून घेतलेली. बाहेर जाऊन सांगणार होतो, पण पायात टिश्यूचं खोकं आलं, आणि ते बाजूला करेपर्यंत सगळे लिफ्टमध्ये.

२६ एप्रिल, मंगळवार

पाच मिनिटं काढून टाकली. उद्या पहाटे सगळी घड्याळं खऱ्या वेळेवर येतील. पाहुणे उद्याही आहेत. बघू देत.

गुपचूप केलं असं कुणी म्हणू नये म्हणून सूचना लिहिली. "उद्यापासून इमारतीतील सर्व घड्याळे अचूक भारतीय प्रमाणवेळ दाखवतील. कृपया वजाबाकी करू नये." अक्षर चांगलं आलं. खोलीच्या दारावर बरोबर डोळ्यांच्या उंचीवर लावली.

२७ एप्रिल, बुधवार

पाहुणे सकाळीच विमानतळावर गेले. घड्याळांकडे कुणी पाहिलं नाही.

चहाच्या ब्रेकनंतर वर गडबड ऐकू आली. अख्खं कॅन्टीन पाच मिनिटं उशिरा परतलं. संगणक माणूस जागेवर बसल्याची वेळ आपोआप टिपतो, त्याला वजाबाकी येत नाही. वर जाऊन ओरडून सांगावं असं वाटलं, पण वरच्या दाराचं कार्ड माझ्याकडे नाही. घड्याळं आता पहाटेशिवाय माझं ऐकणार नाहीत. हातानं फिरवावीत, तर बटणं मीच काढलेली.

रात्रीच्या जेवणाच्या ब्रेकलाही तेच झालं असणार. मी खोलीत बसून राहिलो.

पाच मिनिटं परत साठवली. वेळ बरोबर होती. सूचना लावली होती.

२८ एप्रिल, गुरुवार

निकिता आली. खोकं न्यायला नाही.

"काका, काल घड्याळ कोणी बदललं?"

"बदललं नाही. बरोबर केलं."

"सांगायचं तर होतं!"

"सूचना लावली होती. या दारावर."

ती दाराकडे पाहत राहिली. "इथं कोण येते काका? मी, अन् झाडूवाल्या मावशी. अन् मावशीला वाचता येत नाही."

ती अजून प्रोबेशनवर आहे. प्रोबेशनवर तीन लेट झाले की काढतात. आधीचे दोन तिचे मार्चमधले, घड्याळं नवी लागली तेव्हाचे. कालचा तिसरा. बाकीच्यांना नुसती समज मिळाली.

"बाबांनी एकाच अटीवर येऊ दिलं," ती म्हणाली. "नोकरी गेली का पुसदला वापस. तिथं पोरगा पाहून ठेवला आहे. मी येत राहिले, जात राहिले असं नाही होणार काका. गेले की गेले." मग म्हणे, "तुम्ही फक्त सरांना एवढं सांगा, का काल घड्याळ बदललं होतं."

मी म्हटलं, सांगतो. पण "बरोबर केलं होतं" असं सांगेन.

"कसंही सांगा," ती म्हणाली.

मार्चमधले दोन लेटही माझ्या अचूक वेळेचेच, हे ती गेल्यावर डोक्यात आलं. अर्थात वजाबाकी तिनं केली होती, मी नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार

अभय यांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"काका, हे मला कालच कळलं होतं. पण मी बंगलोरच्या साहेबांना काय सांगू? व्हेंडरला राग आला म्हणून त्यानं सगळ्या बिल्डिंगची वेळ बदलली?"

"मी खरी वेळ पाठवली."

"न विचारता. हे सांगितलं तर मुलगी वाचेल, पण तुमचं कॉन्ट्रॅक्ट त्याच दिवशी संपेल. मी काहीच करू शकणार नाही." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "किंवा काही सांगू नका. मग ती जाईल. किंवा तिसरं. मंगळवारी बंगलोरचा कॉल आहे. त्यात तुम्ही एक वाक्य बोलायचं. यंत्रात टेक्निकल फॉल्ट झाला. बस्स. ती राहील, तुम्ही राहाल, मीपण राहीन."

"यंत्रात बिघाड नाही."

"अहो, मला माहितीये! म्हणून तर विनंती करतोय."

१ मे, रविवार

दिवसभर घरी. खरं सांगावं, तर ते घड्याळं उतरवून साधी लावतील आणि माझं यंत्र फिनेलच्या कॅनशेजारी धूळ खाईल. मला बाहेर कुणी ओळखत नाही, आणि ओळखण्याजोगं केलेलं एवढं एकच. गप्प राहावं, तर मुलगी पुसदला. बिघाड म्हणावं, तर ज्या एका वस्तूत मी काही चूक ठेवली नाही, तिच्यावर चूक ढकलायची.

दुर्गा भाजी निवडत होती. "यंत्राला वाईट वाटणार आहे का?"

"मला वाटेल."

"मग तसं म्हणा ना. यंत्राला कशाला पुढे करता?" थोड्या वेळानं म्हणाली, "पोरीचं नाव काय म्हणालात?"

"निकिता."

"तिला कळवून टाका, की सांगणार आहात. तिचा रविवार तरी बरा जाऊ दे."

माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. मी घेतलाच नव्हता.

३ मे, मंगळवार

कॉल झाला. टेबलाच्या मधोमध एक काळा चपटा डबा, त्यातून बंगलोरचे साहेब बोलत होते. समोर निकिता, हात मांडीखाली दाबून बसलेली. अभय मला डोळ्यांनी धीर देत होते.

मी म्हटलं, "यंत्रात बिघाड झाला होता."

इथेच संपायला हवं होतं. पण डब्यानं विचारलं, "नेमका कोणता?"

अभय घाईनं म्हणाले, "टेक्निकल सर." मला ते सहन झालं नाही. टेक्निकल हा बिघाड असतो का? माझं इंग्रजी मॅन्युअलांतून शिकलेलं आहे. त्यात सॉरी नसतं, पण कारण आणि परिणाम स्वच्छ असतात. मी बोलू लागलो. पाच मिनिटं स्मृतीत साठवलेली आहेत. वीज गेली तर स्मृती टिकावी म्हणून एक बटणसेल आहे. तो क्षीण झाला. खोलीतला प्लग जनरेटरच्या लाइनवर नाही. त्या पहाटे वीज गेली, सेलनं दम सोडला, वीज आल्यावर यंत्र सुरू झालं पण साठवलेली पाच मिनिटं विसरलं, आणि नेमक्या त्याच वेळी घड्याळांनी कान दिला.

एकही कडी निसटली नाही. बोलता बोलता मलाच ते पटत गेलं. प्रत्यक्षात सेल जपानी आहे, यंत्राबरोबर नवाकोरा घातलेला, दहा वर्षं हलणार नाही.

 डबा म्हणाला, "उत्तम विश्लेषण. इतकं स्पष्ट मला इथे कुणी सांगत नाही." निकिताचा तिसरा लेट रद्द झाला. तिनं हात मांडीखालून काढले.

मग डबा म्हणाला, "म्हणजे पहाटे घड्याळं ऐकतात तेव्हा यंत्रापाशी माणूस हवा. रोज."

अभय म्हणाले, "काका राहतील सर."

 सेलबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्यांना सेलमध्ये रस नव्हता. माणूस सापडला होता.

६ मे, शुक्रवार

नवं वेळापत्रक. शेवटच्या बसनं हिंजवडी, कोठीत खाट, पहाटे उठून यंत्राकडे पाहायचं. पाच मिनिटं जागेवर आहेत. असणारच. मग "तपासलं" अशी सही करायची. सकाळी घरी पोहोचतो तेव्हा दुर्गा दवाखान्यात निघालेली असते. जिन्यात भेट होते. "आमटी झाकून ठेवलीय," ती म्हणते. मी म्हणतो, "बरं."

निकिता कायम झाली. पेढे घेऊन खाली आली. "काका, बाबांना फोन केला. म्हणाले, ठीक आहे, राहा." पेढा कंदी होता, चांगला होता.

जाताना म्हणाली, "तुम्हाला इथं झोपावं लागते ना माझ्यापायी?"

मी म्हटलं, "तुझ्यापायी नाही. सेलपायी."

ती हसली. सेल ठणठणीत आहे हे तिला कळलंय की नाही, सांगता येत नाही.

९ मे, सोमवार

सकाळी बसमध्ये चढताना भैरूनं हाक मारली, "या, बिघाडवाले काका!" सगळी गाडी हसली. नाव पडलं.

त्याचं काही नाही. माझं निराळं आहे. रोज पहाटे सही करताना हात अडखळतो. कारखान्यात चोवीस वर्षं जे बिघडलं तेच बिघडलं असं लिहिलं. आता एका चांगल्या सेलवर नाहक आळ घेऊन बसलोय, आणि तो रोज माझ्यासमोर हिरवा दिवा दाखवून आपण निर्दोष असल्याचं सांगतो. कुणी यंत्र उघडून पाहिलं, तर काय पाहील? सेल उत्तम. म्हणजे मी, दिगंबर, खोटा.

१० मे, मंगळवार

तोडगा निघाला. इतका साधा, की आठवडाभर सुचला कसा नाही.

घरी जुन्या गणकयंत्रातला एक सेल होता, जीव जेमतेम राहिलेला. जपानी सेल काढला आणि तो घातला, किंचित जाड होता, दाबून बसवला. प्लग ओढून पाहिलं. परत जोडला. यंत्र उपग्रहाकडून वेळ घेऊन उभं राहिलं. खरी वेळ, निखळ. साठवलेली पाच मिनिटं गेली होती. मी बोललो होतो अगदी तसंच.

पाच मिनिटं परत भरली. बऱ्याच दिवसांनी सही सरळ आली.

१२ मे, गुरुवार

गुरुवार, म्हणजे इकडे वीज जाण्याचा वार. पहाटे गेली. पंखा थांबला म्हणून जाग आली. वीज परत आली तेव्हा यंत्राच्या तोंडावर खरी वेळ होती. थोडा वेळ बघत बसलो. चांगली दिसते. वर दीडेकशे घड्याळं कान द्यायच्या बेतात. आता मी काही केलं नाही तर दुपारी अख्खं कॅन्टीन पुन्हा उशिरा. बोटांना सुचेना. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा पाच मिनिटं बसली. शर्ट घामानं भिजला होता.

सकाळी घरी फोन केला, उशीर होईल म्हणून सांगायला. काय झालं ते सांगितलं.

"पण ते विसरतं वगैरे तुम्ही नुसतं सांगितलं होतंत ना?" दुर्गा म्हणाली.

"आता खरंच विसरतं."

 ती म्हणाली, "मग नवा सेल घाला. आणि घरी झोपायला या."

"बसत नाही."

"काय बसत नाही?"

"नवा सेल. खाचेत बसत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जपानी सेल खिशातच होता. खाचेत घालून पाहिला. अगदी व्यवस्थित बसतो. आजवर दुर्गाशी मी खोटं बोललेलो नाही.

उद्या येताना कानस आणायची. खाच थोडी घासून सैल केली, की जपानी सेल खरंच बसणार नाही.